खोडलेली अक्षरं

ऋजुता वळसंगकरने सहा वर्षं खपून तयार केलेली लायब्ररी जगात एकूण अकरा माणसं वापरत होती. त्यांतली चार तिच्याच विद्यापीठातली, दोन जर्मनीतली आणि एक ती स्वतः.

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. प्रोग्रामर लोक एकदा लिहिलेला, पुन्हा पुन्हा उपयोगी पडणारा कोड बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. ऋजुताच्या लायब्ररीचं नाव होतं ‘बोली’. तिला कुणाचाही मराठी मजकूर दिला की लिहिणारा माणूस लहानपणी कुठली बोली बोलत असावा, ते ती सांगायची. माणूस प्रमाण मराठी कितीही घोटून शिकला, तरी ‘च’ कुठे लावायचा, ‘ना’ कधी म्हणायचं, ‘मग’ वाक्याच्या आधी की मध्ये, अशा बारीकसारीक सवयी हाताला चिकटून राहतात. एका सवयीवरून काहीच कळत नाही. दोनशे सवयी एकत्र मोजल्या की माणसाचा मुलूख दिसायला लागतो. ‘बोली’चं उत्तर शंभरातून एकाहत्तर वेळा बरोबर यायचं.

हे काम हाती का घेतलं असं कुणी विचारलं की ऋजुता भाषाविज्ञानाचं बोलायची. खरं कारण घरात होतं. वडील दिगंबर वळसंगकर सोलापुरातल्या एका शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. ऋजुता सात वर्षांची असताना गल्लीतल्या मुलींसारखं ‘व्हय की’ म्हणाली, तेव्हा सरांनी तिच्या थोबाडीत दिली होती. जन्मात तिला मारलं ते तेवढं एकदाच. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ते ‘शुद्ध लिहू या’ नावाची वेबसाइट चालवत आणि रोज सकाळी चहा झाला की लोकांच्या व्याकरणाच्या शंकांना उत्तरं टाइप करत बसत. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. ऋजुताने लग्न केलं नव्हतं. घरात बापलेक दोघंच.

‘बोली’ लिहिताना ती थोबाडीत ऋजुताला अनेकदा आठवली होती.

*

तौफिक शेख तिचा जुना विद्यार्थी. सोलापुरातच वेबसाइट बनवायची छोटी कंपनी चालवायचा. एकदा विद्यापीठात आला असताना त्याने ‘बोली’ चालताना पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

“मॅडम, तुम्ही लोकांना ज्वारी देताय. लोकांना भाकरी पाहिजे की ओ.”

“म्हणजे?”

“म्हणजे ही लायब्ररी वापरायला प्रोग्रामर लागतो. ग्रामपंचायतीत कुठला प्रोग्रामर? आपण हिचं प्लगइन करू, कुठल्याही वेबसाइटला जोडता येईल असं. यादीत शोधायचं, ‘इन्स्टॉल’ दाबायचं, संपलं.”

त्या काळात कागदी अर्ज बंद होऊन चार वर्षं झाली होती. पेन्शन, रेशन, दाखले, सगळं वेबसाइटवर. आवाजाची नक्कल करणं इतकं सोपं झालं होतं की सरकारी कामात बोललेलं ग्राह्य धरत नसत. ज्याचा अर्ज त्याने स्वतःच्या बोटांनी टाइप करायचा. खेडोपाडीच्या म्हाताऱ्या माणसांची त्यामुळे फार ओढाताण होत होती. तौफिकची कल्पना अशी, की माणसाने चार शब्द टाइप करताच ‘बोली’ने त्याचा मुलूख ओळखायचा आणि पुढचं सगळं पान त्याच्या बोलीत त्याच्याशी बोलायला लागायचं. अहिराणीवाल्याशी अहिराणी, मालवण्याशी मालवणी.

ऋजुताला ते मनापासून पटलं. लायब्ररी प्लगइनमध्ये बसवायला तीन आठवडे लागले. भलामोठा कोड छाटून साध्या फोनवर चालेल एवढा केला. सेटिंगचं पान, वापरण्याच्या सूचना, परवाना, सगळं लिहून झालं. परवान्यात ऋजुताने लिहिलं: कुणीही, कशासाठीही, कायमचं वापरावं. ज्ञान कोंडून ठेवू नये या मताची ती होती.

एक अडचण मात्र आली. लायब्ररीला लिहून पूर्ण झालेला मजकूर लागायचा. प्लगइनला तेवढं थांबून चालणार नव्हतं. माणसाने अर्ज भरून पाठवल्यावर बोली ओळखून काय उपयोग? म्हणून प्लगइन मजकुराच्या चौकटीलाच जोडलं. बोटाने अक्षर दाबलं रे दाबलं की ते त्याला कळायचं. साहजिकच, दाबून मग खोडलेलं अक्षरही कळायचं.

पहिल्या चाचणीचा आकडा पाहून तौफिक खुर्चीतून उठला. एकाहत्तरावरून एकदम चौऱ्याण्णव!

कारण उघड होतं. माणूस शुद्ध लिहितो ते जरा थांबून, विचार करून. त्याच्या आधीच्या क्षणी बोटं जे लिहून जातात ते त्याच्या घरातलं असतं. ‘मले’ लिहून तो खोडतो आणि ‘मला’ लिहितो. लायब्ररीला आजवर फक्त ‘मला’ दिसत होतं.

“हे खोडलेलं साठवून ठेवलं तर प्लगइन आपोआप शिकत जाईल,” तौफिक म्हणाला. “सेटिंगमध्ये टिक देऊ या. आधीपासून लावलेली ठेवायची की रिकामी?”

“लावलेली ठेव,” ऋजुता म्हणाली. “ते पान उघडून कोण बघतंय?”

पहिल्यांदा बसवायला हक्काची वेबसाइट हवी होती. तिने वडिलांना विचारलं. “तुझं काम आहे ना, मग बसव,” सर म्हणाले. त्यांनी बाकी काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. दोन महिने प्लगइन ‘शुद्ध लिहू या’वर शिकत होतं, आणि त्या वेबसाइटवर सगळ्यांत जास्त टाइप करणारा माणूस एकच होता.

*

वर्षभरात तीन लाख वेबसाइटवर ‘बोली’ बसली. साक्री तालुक्यातल्या एका ग्रामसेवकाने व्हिडिओ पाठवला. ऐंशीच्या घरातली बाई पेन्शनच्या अर्जासमोर बसलेली. पानावर उमटतं, ‘तुन्हं नाव काय शे?’ बाई आधी दचकते, मग तोंडाला पदर लावून हसत सुटते. “हाई तं मन्ही भाषा शे!” शेजारणीला हाका मारते, ये, बघ, ये. ऋजुताने तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की तिला त्या बाईच्या हातातल्या बांगड्या पाठ झाल्या.

प्लगइन स्वतःहून बोलींचा नकाशा बनवत होतं. सारख्या सवयींची माणसं एकत्र आली की एक बेट तयार व्हायचं. बहुतेक बेटांना नावं होती. एक्केचाळीस क्रमांकाच्या बेटाला नव्हतं.

त्या बेटावर तीनशे बारा माणसं होती. पुण्यात, अमरावतीत, सुरतेत, हैदराबादेत, कुठे कुठे विखुरलेली. त्यांनी लिहून पाठवलेलं मराठी अगदी निर्दोष, त्यावरून ती कुठलीच नव्हती. पण खोडलेली अक्षरं सगळ्यांची सारखी. ‘आई’च्या आधी ‘दाई’. ‘पाणी’च्या आधी ‘नीळ्ळू’. ‘शिळा भात’ लिहिण्याआधी ‘बासी’. ‘मला’च्या आधी ‘मले’, ‘का’च्या आधी ‘काऊन’. पहिला नमुना ‘शुद्ध लिहू या’वरच मिळाला होता. तिथे रोज पन्नास माणसं शंका विचारत, त्यांतलंच कुणी असेल, असं ऋजुताने धरलं.

दुपारी जेवताना तिने वडिलांना सांगितलं. “बाबा, एक अख्खी बोली सापडली आहे, कुठल्याच पुस्तकात नसलेली! बोलणारे कुणी कबूलही करणार नाहीत, पण बोटं सांगतात. सगळे खोडतात ते एकसारखं.”

सरांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “खोडलेलं तुला कसं दिसतं?”

“प्लगइन अक्षर न् अक्षर बघतं ना.”

“माझ्या वेबसाइटवर बसवताना हे बोलली नव्हतीस.”

“तुम्हाला काय फरक पडतो? तुम्ही कुठे काही खोडता!” ती हसली.

सर हसले नाहीत. “तेहतीस वर्षं वह्या तपासल्या मी. पोरांनी खोडलेलं कधी वाचलं नाही. खोडलं म्हणजे ते त्याला दाखवायचं नाही.”

“पण ही बोली आहे, बाबा. या तीनशे लोकांबरोबर मरून जाईल.”

“मरू दे,” सर म्हणाले आणि अर्ध्या ताटावरून उठले.

शुद्धलेखनाचा जुना हट्ट, असं समजून ऋजुताने विषय सोडून दिला.

*

शोधायला तिला पाच आठवडे लागले. ‘मले’ आणि ‘काऊन’ वैनगंगेच्या बाजूचं. ‘नीळ्ळू’ तेलुगू, ते सोलापुरातही कानावर पडतंच. ‘दाई’ आणि ‘बासी’ छत्तीसगढकडची. हे तिन्ही एका तोंडात कुठे आले असतील? तिने खाणींची गावं तपासली, रेल्वेच्या वसाहती तपासल्या. जुळेना. शेवटी एका जुन्या अहवालात तिला निर्मळपूर सापडलं. जंगलात, ओढ्याच्या काठी वसवलेली कुष्ठरोग्यांची वसाहत. तीन मुलखांतून हाकलून दिलेली माणसं तिथे आली, बरी झाली, पण घरच्यांनी परत घेतलं नाही म्हणून तिथेच राहिली. त्यांनी आपसांत लग्नं केली. त्यांना झालेली धडधाकट मुलं जी भाषा बोलू लागली, ती जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. वसाहत बंद होऊन पंचवीस वर्षं झाली होती.

अहवाल मिटताना ऋजुताच्या मनात एकदा आलं, की या लोकांनी खोडलं ते उगाच नाही. तौफिकनेही विचारलं, “मॅडम, नाव टाकायचं का? बघा बरं.”

“जागेचं नाव आहे, तौफिक. रोगाचं नाही. आणि लाज त्यांनी का बाळगायची?”

तिने लेख प्रसिद्ध केला. मग लायब्ररीतली नावांची यादी उघडून एक ओळ लिहिली: ४१, निर्मळपूर. सकाळी अकरा वाजता अपडेट सोडलं. ते साडेअकरापर्यंत तीन लाख वेबसाइटवर आपोआप पोचलं.

*

तिसऱ्या दिवशी विद्यापीठात फोन आला.

“वळसंगकर मॅडम का? मी हेमलता सोनटक्के, अमरावतीहून. निर्मळपूरची.” पलीकडे श्वास घेतल्याचा आवाज. “हे वाक्य मी बावन्न वर्षांत आज पहिल्यांदा बोलले.”

ऋजुताला क्षणभर आनंदच झाला. बेटावरचं पहिलं जिवंत माणूस. “बोला ना, ताई!”

“माझ्या मुलीचं नाव एका लग्नाच्या वेबसाइटवर घातलं होतं. माहिती मीच भरली. तिच्या फोटोखाली आता ‘मातृबोली: निर्मळपूर’ असं आलंय. मी लिहिलेलं नाही. साखरपुडा झालेला होता. मुलाकडच्यांनी वाचलं, कुठे आलं हे म्हणून शोधलं, तर तुमचा लेख निघाला.”

ऋजुताला आठवलं, सेटिंगच्या पानावर ‘लिहिणाऱ्याची बोली दाखवा’ अशीही एक चौकट होती. आपल्या बोलीचा जोडीदार मिळावा म्हणून लग्नाच्या वेबसाइटना ती फार आवडली होती.

“पण ताई, तो रोग आनुवंशिक नसतो. तुम्हाला तर...”

“मॅडम, मला सांगता? माझ्या आईच्या हाताला बोटं नव्हती, मला दहा आहेत. रोग माझ्या जन्माआधीच बरा झालेला. मुलाकडच्यांनाही माहीत आहे. मुलगा डॉक्टर आहे त्यांचा.”

“मग?”

“मग काय? पत्रिका जुळत नाही म्हणाले. साखरपुड्यानंतर.” हेमलताबाईंचा आवाज एकदाही चढला नाही. “त्याचंही एवढं नाही. माझ्या मुलीला काही माहीत नव्हतं. आजीची बोटं चुलीत भाजली, असं मी तिला सांगत आले. काल तिने विचारलं, आई, तू मला अजून काय काय सांगितलंयस?”

ऋजुता म्हणाली, “मी आत्ताच्या आत्ता ते नाव काढते.”

“काढा,” हेमलताबाई म्हणाल्या. “वाचायचं त्यांनी वाचलं.”

*

नाव काढायला एक मिनिट लागलं. नवं अपडेट सुटलं. पण पहिल्या अपडेटला जो उत्साह होता तो याला नव्हता. तीन लाखांपैकी पावणेदोन लाख वेबसाइटनी ते घेतलं. बाकीच्यांनी मधल्या काळात आपोआप होणारी अपडेट बंद केलेली होती. दोन मोठ्या कंपन्यांनी तर लायब्ररीच उचलून आपल्या यंत्रणेत मिसळली होती. खोडलेल्या अक्षरांच्या साठ्याची प्रतही त्या स्वतःकडे ठेवत. ऋजुताने त्यांना विनंती केली, मग नोटीस पाठवली. वकिलाचं उत्तर आलं, त्यात परवान्यातलं तिचंच वाक्य जसंच्या तसं होतं.

“आपण ‘कायमचं’ लिहिलंय, मॅडम,” तौफिक हळू आवाजात म्हणाला.

“मला माहीत आहे. मीच लिहिलंय.”

फोन येतच राहिले. एका शाळेच्या स्वयंपाकघरातून एका बाईला दुसऱ्या कामावर टाकलं. बडतर्फ नाही केलं. बाग बघायला सांगितलं. सुरतेतल्या एका माणसाने घर बदललं. एका म्हाताऱ्याने फक्त विचारलं, की आता मी अर्ज कुठे भरू, बाई, जिथे तुमचं हे नाही? ऋजुताकडे वेबसाइटची यादीच नव्हती. कुठे आहे आणि कुठे नाही, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. ती प्रत्येकाचं ऐकून घ्यायची, माफी मागायची.

हेमलताबाईंनी पुन्हा फोन केला. मुलगी मावशीकडे राहायला गेली होती. “तुमच्याकडे आमचं काय काय आहे?”

“तुम्ही खोडलेली अक्षरं आहेत, ताई. नावं नाहीत, प्रत्येकाचा एक क्रमांक आहे.”

“ती तरी जाळून टाका.”

ऋजुताने लगेच होकार दिला. तौफिकने एकदा बजावलं, “मॅडम, एकदा गेलं की परत नाही यायचं. लागलं तर?”

“कशाला लागेल?”

दुपारी तीन वाजता दोघांनी मिळून साठा पुसला. मग एक राखीव प्रत पुसली, मग दुसरी. त्या पंधरवड्यात ऋजुताच्या मनासारखी झालेली ती एकच गोष्ट. त्या दिवशी ती घरी जेवली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ध्यानात आलं, की वडिलांच्या वेबसाइटवर प्लगइन अजून तसंच आहे, नवं अपडेटही तिथे गेलेलं नाही. ते काढायला तिने पान उघडलं तर आठशेवर शंका उत्तरावाचून पडलेल्या. असं कधी झालं नव्हतं. सर खिडकीपाशी पेपर वाचत होते, निदान पेपर हातात होता.

“बाबा, तुमचा कॉम्प्युटर घेते हं.”

त्यांनी नको म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर पडदा उजळला होता. उत्तराच्या चौकटीवर, जिथे एरवी ‘नमस्कार, येथे लिहा’ असं असायचं, तिथे लिहिलं होतं:

‘आलास का गा? बस. नीळ्ळू पी. मंग लिव काय लिवाचं ते.’

ऋजुताला वाटलं, या कॉम्प्युटरवर दुसरंच कुणी बसलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

तिने मान वळवली.

“सतरा दिवस झाले,” सर म्हणाले. बेटाला नाव मिळाल्यावरच प्लगइन ती बोली बोलायला लागलं होतं, त्यालाही सतराच दिवस झाले होते. “उघडलं की असं बोलतं. पहिल्या दिवशी मी मागे वळून पाहिलं. कोण आलं म्हणून.”

“बाबा...”

“वय झालं की बोटं ऐकत नाहीत, ऋजू. साठ वर्षं एक अक्षर चुकलं नाही. आता ‘आई’ लिहायचं म्हटलं की आधी दुसरंच उमटतं. मी खोडत होतो. मला वाटत होतं, खोडलं की गेलं.”

म्हातारपणी मागून शिकलेली भाषा आधी सैल होते आणि पहिली वर येते, हे ऋजुताने स्वतः वर्गात शिकवलं होतं. प्लगइन सगळ्यांत आधी ज्या बोटांवर शिकलं ती ही होती. म्हणूनच ते बेट नकाशावर आलं. या घरात सुरुवात झाली नसती तर बाकीचे तीनशे अकरा त्याला कधी दिसले नसते.

ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. सरांनी पेपराची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली आणि बोलायला लागले. त्यांचं नाव सोमारू. सोमवारी झाले म्हणून. वसाहतीत मुलांचं घर ओढ्याच्या अलीकडे होतं आणि रोगी पलीकडे. मुलांनी ओलांडायचं नाही असा नियम. थोरली बहीण बुधी. तिच्या अंगावर चट्टे निघाले म्हणून ती पलीकडे, आईपाशी. मुलांना शिकवायला सोलापूरहून वळसंगकर गुरुजी येऊन राहिले होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. अकराव्या वर्षी ते याला घेऊन सोलापूरला परतले, स्वतःचं नाव दिलं, नवीन दाखला काढला. अट एकच घातली, की तिकडचा एक शब्द तोंडातून निघता कामा नये. निघाला तर शाळा सुटेल, घर सुटेल.

“आईला सांगितलं होतं?”

“तुझ्या आईला? नाही. एकदा दवाखान्यात, शेवटी शेवटी, सांगावंसं वाटलं. तिला झोप लागली होती.” ते थांबले. “तू लहानपणी ‘व्हय की’ म्हणाली होतीस. ते गल्लीतलं होतं, मला कळत होतं. तरी हात उठला. वाटलं, माझंच काहीतरी तुझ्यात गेलं.”

सर पुढे झुकले. सतरा दिवस जे विचारायचं त्यांनी मनात धरलं होतं ते आता त्यांच्या चेहऱ्यावर आलं. तिने त्यांना असं कुणाकडे काही मागताना कधी पाहिलं नव्हतं.

“ती तीनशे बारा माणसं. त्यांत बुधी असेल का गं? लिहायला कुणी शिकवलं की नाही कोण जाणे. पण तू बघून सांगू शकशील ना? तुझ्याकडे सगळं असतं.”

आणि ऋजुताला ते आठवलं. बेटाच्या शब्दांची यादी करताना एका क्रमांकासमोर एक शब्द होता, ज्याचा अर्थ तिला लागला नव्हता. कुणीतरी कुठल्याशा चौकटीत तो तीनदा लिहून तीनदा खोडला होता. अक्षरा-अक्षरामध्ये चार-चार सेकंद गेले होते. नेटवर्क संथ असेल, म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. यादीत तिने लिहिलं होतं: सोमारू, बहुधा वाराचं नाव.

“बाबा,” ती म्हणाली, “तिला बोटं होती का?”

“उजव्या हाताची तीन. मी निघालो तेव्हा.”

न सांगणंही तिला शक्य होतं. तिने सांगितलं. तो शब्द, ते चार-चार सेकंद, आणि काल दुपारी तीन वाजता काय केलं तेही.

सर तिच्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. ती पुढे काही बोलेल, एखादी वाट असेल, अशा आशेने.

“परत नाही येत?”

“नाही.”

*

त्या दोन कंपन्यांकडे प्रत होती. ऋजुताने दोघांना पत्रं लिहिली. नोटिशीची भाषा सोडून सरळ लिहिलं की माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांची बहीण सत्त्याहत्तरची असेल, मला फक्त एका क्रमांकाची वेबसाइट कळवा. एकीकडून काहीच आलं नाही. दुसरीने चार ओळींत कळवलं, की व्यक्तींच्या खासगीपणाची कंपनीला काळजी असल्यामुळे अशी माहिती बाहेर देता येत नाही. त्याच कंपनीच्या लग्नाच्या वेबसाइटवर हेमलताबाईंच्या मुलीच्या फोटोखाली ‘निर्मळपूर’ अजून होतं.

तौफिक निर्मळपूरला जाऊन आला. वसाहतीच्या जागी वन खात्याची रोपवाटिका होती. जुन्या रोग्यांना कुठे कुठे हलवलं त्याची नोंद रुग्णालयात असेल, असं कुणी म्हणालं. रुग्णालय म्हणालं, नोंदी वेबसाइटवर आहेत. रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख भरा. बुधीची जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती.

हे सगळं ऋजुताने वडिलांना सांगितलं तेव्हा संध्याकाळ होत होती. दोघं गच्चीत बसली होती. सरांनी ‘शुद्ध लिहू या’ स्वतःच्या हाताने बंद करून टाकली होती. आता ते थोडंथोडं बोलायचे, अधूनमधून एखादा शब्द तिकडचा यायचा. तो ते आता खोडत नव्हते.

“जेवणाची घंटा झाली की आम्ही ओढ्यावर जायचो,” ते म्हणाले. “दाई दिसायची नाही, झाडी होती. मी अलीकडून ओरडायचो.” त्यांनी घसा साफ केला, आणि एक चिरका, लहान पोराचा वाटावा असा आवाज काढला. “बुधी वंऽऽ! बासी उरली का वंऽऽ?”

शेजारच्या गच्चीवर कपडे काढणाऱ्या बाईने वळून पाहिलं.

“मग पलीकडून ती उत्तर द्यायची. रोज तेच. मी हसायचो आणि पळत जेवायला जायचो.”

“काय म्हणायची आत्या?”

सरांनी डोळे मिटले. ओठ दोनदा हलले. “ऐकू यायचं ते आठवतं. शब्द गेले. ते तिचे होते, माझ्या तोंडी कधी नव्हते.”

ते पुन्हा एकदा तसंच ओरडले, या खेपेला ऋजुताकडे बघत, आणि थांबले. ऋजुताला त्या वाक्यातला प्रत्येक शब्द कुठल्या मुलखातून आला ते सांगता आलं असतं. पण ते ऐकून पलीकडून काय म्हणायचं असतं, ते तिला माहीत नव्हतं. सर तिच्या तोंडाकडे बघत बसून होते.